सेवेरोने न विचारलेली गोष्ट

डोंगरावरच्या कोल्पा गावात स्पॅनिश येणारा माणूस म्हणजे सेवेरो विल्का. शाळेतली पोरं राष्ट्रगीतापुरतं स्पॅनिश म्हणत, मास्तर मनात आलं तर वर चढून येई, आणि बाकीचं गाव केचुआ या डोंगरी भाषेत जन्मायचं, केचुआत भांडायचं आणि केचुआतच मरायचं. पण कोर्टकचेरी, सरकार आणि दवाखाना ही तिन्ही खाली बाजारगावात, आणि तिथे सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. म्हणून ज्याचं खाली काही काम निघे, तो आदल्या दिवशी चघळायच्या कोकाच्या पानांची मूठ घेऊन सेवेरोच्या अंगणात हजर होई.

"तायता सेवेरो, उद्या जरा तुमचं तोंड लागणार होतं."

तायता म्हणजे बाप. सत्तरीचे म्हातारेसुद्धा त्याला तायता म्हणत, मग तोंड द्यायला तो नाही कशाला म्हणेल? तरुणपणी तो राजधानीला, लिमाला पलटणीत होता, पुढे बटाट्याच्या ट्रकवर क्लीनर. गावी परतला तो फौजी बूट आणि ही भाषा घेऊन. बूट फाटले, भाषा टिकली. लग्नकार्यात चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पहिला पेला त्याच्या हातात येई, आणि भांडणात दोन्ही बाजू त्याचं मत विचारत, भांडण केचुआतलं असलं तरी.

आता खरं सांगायचं तर हा वासरात लंगडी गाय शहाणी असा प्रकार होता. सेवेरोचं स्पॅनिश पलटणीतलं आणि ट्रकवरचं. डिझेल, टायर, पोती, सावधान, विश्राम हे सगळं त्याला पाठ. भाव करावा तर त्यानेच, शिव्या द्याव्या तर त्यानेच. पण माणसाच्या अंगाला, अंगातून जे येतं जातं त्याला पलटणीत जे शब्द असतात ते बाईमाणसासमोर तोंडातून काढण्यासारखे नसतात. चांगले शब्द त्याला कोणी शिकवले नव्हते. त्यानेही कधी कोणाला विचारले नाहीत, कारण विचारलं की आपल्याला येत नाही हे समोरच्याला कळतं.

आणि विचारण्याची त्याने एकदा फळं चाखली होती. पलटणीत नवा असताना त्याचं पोट बिघडलं. आई जे करायची तेच त्याने केलं. आमच्या डोंगरात माणूस आजारी पडला की त्याचं सकाळचं, अंगातून गेलेलं पाणी बाटलीत भरून जाणत्या बाईकडे नेतात. ती ते उजेडात धरते, हलवते, आणि आजार सांगते. सेवेरोने आपलं पाणी मगमध्ये भरलं आणि औषधं देणाऱ्या शिपायाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्याने मगात डोकावून पाहिलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे डोंगऱ्या, बियर आणलीस होय मला?" त्यानंतर पलटणीतून सुटेपर्यंत त्याला सेवेरो असं कोणी म्हटलं नाही. सगळे 'बियर' म्हणून हाक मारायचे. ही गोष्ट गावात कोणाला ठाऊक नव्हती. बासिलियालासुद्धा नाही.

बासिलिया त्याची बायको. तोंडाने फटकळ, हाताने उरकणारी. त्या वर्षी तिला खोकला लागला तो सुटेना. अंगावरचं मांस उतरलं, संध्याकाळी कणकण, आणि एक दिवस थुंकीत रक्त. तेव्हा मात्र सेवेरोने तिला घोड्यावर बसवून खाली नेलं.

दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली होती, नोएलिया नावाची. समुद्रकाठच्या शहरातली, वय लेकीएवढं, पांढरा कोट इतका स्वच्छ की सेवेरोने आपले हात पोंचोखाली घेतले. तिने थुंकी तपासली आणि सांगितलं, क्षय. गोळ्या रोज घ्यायच्या, खूप महिने घ्यायच्या. मग ती त्या गोळ्यांबद्दल बोलायला लागली ती थांबेचना. सेवेरो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. रोज, सकाळी, उपाशीपोटी, एवढं त्याला समजलं. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं.

बाजूला रुफिना बसली होती, सुया देणारी मदतनीस. ती पलीकडच्या खोऱ्यातली, केचुआ तिची घरची भाषा. तिने हळूच विचारलं, "तायता, मी सांगू का मावशीला?"

"का गं? मी मेलो की काय?" सेवेरो म्हणाला.

रुफिनाने खांदे उडवले आणि सुया उकळायला ठेवल्या.

बासिलियाकडे वळून सेवेरोने सांगितलं, "रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. बरी होशील म्हणतात."

"एवढंच? बाई तर केवढं तरी बोलली."

"शहरातली माणसं पाल्हाळ लावतात. मी तुला दाणा काढून दिला, फोलकट कशाला देऊ?"

गावालाही तो हेच सांगत आला होता, आणि गाव कौतुकाने मान डोलवायचं.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, "सेन्योर सेवेरो, रुग्णाने रोज इथे येऊन आमच्यासमोर गोळ्या घ्यायच्या असतात. पण तुमचं गाव फार वर. तुम्ही समजूतदार दिसता. तुमच्या डोळ्यांसमोर तिने गोळ्या गिळायच्या, आणि दर रविवारी बाजाराला याल तेव्हा पुढच्या घेऊन जायच्या. मी तुमच्यावर सोडते." हे मात्र सेवेरोला अक्षरन् अक्षर कळलं. छाती फुगवून तो घोड्याच्या पुढे चालत वर आला.

गोळ्या सुरू झाल्या आणि लगेचच एका सकाळी बासिलिया आडोशाहून आली ती पांढरीफटक पडून.

"सेवेरो, माझं पाणी लाल झालंय."

त्याने जाऊन पाहिलं. केशरी, लालसर, पाण्यात रक्त मिसळावं तसं. 

"औषध उष्ण पडलं," बासिलिया म्हणाली. "आतलं रक्त जळून बाहेर येतंय. माझी मावशी अशीच गेली. तू असं कर, रविवारी हे बाईला नेऊन दाखव. तुला काही बोलायलाच नको. बघणाऱ्याला दिसतंच."

रविवारी तिने मलमाची रिकामी बाटली स्वच्छ विसळली, भरली, वर मक्याच्या कणसाचं बूच मारलं आणि फडक्यात गुंडाळून त्याच्या पोंचोत दिली. "सांडू नकोस रे बाबा. माझा जीव आहे त्यात."

उतरणीवर सेवेरो सगळी वाट वाक्य जुळवत होता. डॉक्टरबाई, माझ्या बायकोचं... इथे येऊन गाडी अडायची. त्या वस्तूला त्याच्याकडे एकच शब्द होता, आणि तो ट्रकवाले भिंतीकडे तोंड करताना वापरायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बरं, न बोलता नुसती बाटली टेबलावर ठेवावी, तर तो मग, ती रांग, ते हसणं आठवून त्याचे कान तापायचे. दवाखान्यात बाकावर कोल्पाचीच चार माणसं बसली होती. त्यांनी सरकून त्याला जागा दिली. "या तायता, तुम्ही आहात म्हणजे आमचंही काम झालं."

आत डॉक्टरणीने विचारलं, "कसं काय? काही त्रास? उलट्या? डोळे पिवळे?"

बाटली पोटाशी कोमट लागत होती.

"काही नाही, डॉक्टरबाई," सेवेरो म्हणाला. "एकदम छान."

"काही विचारायचंय?"

रुफिना तिथेच कापूस गुंडाळत होती. तिला केचुआत कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मग कोल्पाच्या स्पॅनिशवाल्याला केचुआत विचारावं लागलं हे संध्याकाळपर्यंत दोन्ही खोऱ्यांत झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने गोळ्या घेतल्या आणि बाहेर पडला.

परतताना पुलाशी थांबून त्याने बूच काढलं आणि बाटली नदीत ओतली. काठावर बसून ती दगडावर आपटून फोडली. फोडल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली, पण आता ती जोडायची कशी?

बासिलिया फाटकात उभी होती. "दाखवलीस? काय म्हणाली?"

"दाखवली की."

"मग? नीट बघितलं ना तिने?"

"बघितलं ना. खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं." एक खोटं बोललं की दुसरं आपोआप चालत येतं. "हलवूनसुद्धा बघितलं."

बासिलियाचा चेहरा उजळला. "पोरगी जाणती दिसते. मग काय निघालं?"

आता काय सांगायचं? घे म्हणावं आणि उद्या हिचं काही बरंवाईट झालं तर? ती लाली त्यानेही पाहिली होती. तो घाबरला होता, त्याला वाटलं थांबवण्यात तरी धोका नाही. "म्हणाल्या, औषध उष्ण पडलं. साफ होईपर्यंत थांबव."

"बघ, मी म्हटलंच होतं!" बासिलिया म्हणाली, आणि त्या रात्री तिने त्याला वाढताना सुक्या मांसाचा मोठा तुकडा त्याच्याच ताटात टाकला.

गोळ्या थांबल्या आणि पाणी स्वच्छ झालं. खोकलाही त्या थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी निम्म्यावर आला होता. बासिलिया उठून कुदळीला लागली. पुन्हा सुरू करायचं नाव कोणीच काढलं नाही. तिने काढलं नाही कारण बरं वाटत होतं, आणि त्याने काढलं नाही कारण कोणत्या तोंडाने काढणार? दर रविवारी तो गोळ्या आणायचा आणि मक्याच्या कणगीमागे सारायचा.

"घेते ना?" डॉक्टरीण विचारायची.

"घेते."

"तुमच्या डोळ्यांसमोर?"

"माझ्या डोळ्यांसमोर."

"एकदा तिला घेऊन या. तपासायला हवं."

मग कधी पेरणी आडवी यायची, कधी मेंढ्या व्यायच्या, कधी घोडा लंगडायचा. सेवेरोला तिला आणायचंच नव्हतं. दोघी समोरासमोर आल्या की त्याचं सगळं उघडं पडणार होतं.

कापणीच्या सुमाराला खोकला परत आला, आणि या वेळी तो वाईट होता. एका सकाळी बासिलिया शेतातच बसली आणि तोंडावरचं फडकं भरून रक्त आलं. सेवेरोने तिला उचलून घोड्यावर घातलं. वाटेभर तो तिच्या पायाला धरून चालत होता आणि मनाशी एकच म्हणत होता, रुफिना नसू दे, रुफिना तिथे नसू दे. बायको रक्त ओकतेय आणि माणूस प्रार्थना कसली करतोय पाहा. पण देवाने नेमकी तीच ऐकली. रुफिना लशी द्यायला पलीकडच्या डोंगरावर गेली होती.

डॉक्टरणीने बासिलियाची छाती ऐकली. तिचा चेहरा उतरला. "असं कसं झालं? तिला विचारा, गोळ्या घेतल्या ना रोज?"

सेवेरोने बायकोला केचुआत विचारलं, "बाई विचारतात, बरं वाटत होतं ना मध्ये?"

बासिलिया डॉक्टरणीकडे पाहून बोलली, अगदी विश्वासाने. "सांग तिला, तुम्ही म्हणालात तसंच केलं मी. पाणी बघून थांबव म्हणालात, त्या दिवशीच थांबवल्या. नंतर घे म्हणाला नाहीत म्हणून घेतल्या नाहीत."

"काय म्हणते?" डॉक्टरणीने विचारलं.

"म्हणते, रोज घेतल्या," सेवेरो म्हणाला.

डॉक्टरणीने कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग ती हळू, एकेक शब्द सुटा करून बोलली, त्यामुळे या वेळी सेवेरोला सगळं समजलं. रोज घेऊनही हे असं असेल तर या गोळ्या तिच्यावर चालत नाहीत. मग दुसरी औषधं, जड औषधं, रोज सुई. त्या सुयांनी कानही जातात काहींचे. ती इथे मिळत नाहीत. लिमाच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल, वेगळ्या खोलीत, वर्षभर, कदाचित जास्त. तुम्हाला जवळ राहता येणार नाही.

सेवेरोच्या डोळ्यांसमोर लिमा उभं राहिलं. तिथे बासिलिया एकटी. पाणी हवं हेही तिला सांगता येणार नाही. ती खुणा करणार आणि लोक हसणार. तिला काय म्हणून हाक मारतील?

"डॉक्टरबाई," तो म्हणाला.  "खोटं. मी खोटं बोललो. ती नाही घेत. मी थांबवल्या."

"काय?"

"ती..." आणि मग जे शब्द होते तेच बाहेर आले. "ती मुतली ते लाल झालं. बाटलीत भरून दिलं तिने, मूत, तुम्हाला दाखव म्हणून. मी ओतून टाकलं. तुम्ही बघितलं असं सांगितलं. तुम्हीच गोळ्या थांबवा म्हणालात, असं सांगितलं. तुम्ही म्हणाला नव्हतात. मी."

डॉक्टरीण हसली नाही, तिने कानावर हातही ठेवले नाहीत. त्या शब्दाचं तिला काही वाटलंच नाही. हे पाहून सेवेरोला जितकी लाज वाटली तितकी पलटणीतही वाटली नव्हती.

"लाल होणारच," ती म्हणाली. "त्या औषधाचा रंगच तो. पहिल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं, लघवी लाल होईल, घाबरू नका, थांबवू नका. तुम्ही मान हलवलीत."

"कळलं नव्हतं."

"मग विचारायचं नाही? मला नाही तर रुफिनाला? रुफिना तुमचीच भाषा बोलते ना?"

सेवेरोने हात पोंचोखाली घेतले.

"आता हे सगळं तिला सांगा," डॉक्टरीण म्हणाली. "माझ्यासमोर. सगळं."

केचुआत सेवेरोकडे हवे तेवढे शब्द होते. चांगले, वाईट, मऊ, सगळे. तरी त्याला वेळ लागला. खाली जमिनीकडे बघत त्याने सांगितलं.

बासिलिया ऐकत होती. मग तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे बाईने बघितलंच नाही?"

"नाही."

"खिडकीपाशी नेऊन?"

"नाही."

"हलवून?"

"नाही गं."

"आणि थांबव म्हणाली ते?"

"ते मीच."

एरवी बासिलिया भांड्याला भांडं लागलं तरी दहा वाक्यं बोलायची. आता तिने तोंड पुसलं, शाल नीट केली. "विचार तिला, रुफिना कधी येते."

त्याने विचारलं. "दुपारनंतर," त्याने बायकोला सांगितलं.

"मग मी थांबते. तुझं तोंड नको मला आता."

"काय म्हणते?" डॉक्टरणीने विचारलं.

आयुष्यभर त्याने लोकांचे शब्द गाळले होते. हे गाळायला किती सोपे होते! "म्हणते, रुफिना येईपर्यंत थांबते," सेवेरो म्हणाला. "म्हणते, माझं तोंड नको तिला."

रुफिना आली, आत गेली, दार लागलं. बाहेर बाकावर बसलेल्या सेवेरोला आतून केचुआ ऐकू येत होतं. बासिलिया विचारत होती, रुफिना सांगत होती, मग डॉक्टरीण, मग परत बासिलिया. केवढे प्रश्न होते तिचे. उष्ण का, रात्री घाम का, लेकीकडचा नातू आला तर जवळ घेऊ का, मिरची चालेल का. इतक्या महिन्यांत हे प्रश्न तिने नवऱ्याला विचारले नव्हते, की विचारले होते आणि त्यानेच उडवून लावले होते, ते त्याला धड आठवेना.

रुफिनाच बाहेर येऊन म्हणाली, "थुंकी तपासायला पाठवतोय. देवाच्या दयेने त्याच गोळ्या लागू पडतील असं बाईंना वाटतं. पहिल्यापासून सुरू करायच्या. मावशी इथेच राहतील, त्यांच्या चुलत बहिणीकडे. रोज माझ्यासमोर घेतील." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्ही घरी जा, तायता. मेंढ्या एकट्या आहेत म्हणाल्या."

रिकामा घोडा घेऊन सेवेरो वर चढला. गावाच्या तोंडाशी कापणीवाले चिचा पीत बसले होते. त्यांनी त्याला ओढून बसवलं. "तायता, बासिलिया कुठे? काय म्हणाली डॉक्टरीण?"

"डॉक्टरीण काय म्हणाली होती ते मला कळलंच नव्हतं," सेवेरो म्हणाला. "पहिल्यापासूनच. म्हणून ती आजारी पडली परत."

सगळे खो खो हसले. "ऐका! तायता सेवेरोला म्हणे स्पॅनिश कळत नाही! मग आम्हाला काय केचुआ येतं होय?" कोणीतरी पेला भरून त्याच्या हातात कोंबला.

"खरंच सांगतो," तो म्हणाला. "मला अर्धंच कळतं. कधी कधी तेवढंही नाही. मी मान हलवतो."

हसू थोडं विरलं, थोडं राहिलं. चावट माणूस आहे, थकलाय, असं म्हणत लोक गवताच्या पेंढ्यांकडे वळले. तेओफिला मात्र जागची हलली नाही. मेल्चोरची विधवा. सेवेरोनेच मेल्चोरला मागच्या वर्षी दवाखान्यात नेलं होतं, आणि महिन्याच्या आत ते त्याला टेकडीवर पुरून आले होते.

"सेवेरो," ती म्हणाली. तायता म्हणाली नाही. "मग आमच्या मेल्चोरच्या वेळी काय म्हणाला होता तो डॉक्टर?"

सेवेरोने पेला खाली ठेवला. त्याला ती खोली आठवली, तो जुना डॉक्टर, त्याचं लांबलचक बोलणं. त्यातलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही.

"सांग ना," तेओफिला म्हणाली. "मी ऐकतेय."